आर्ट्सला जाऊन काय मिळतं? कोलंबिया विद्यापीठातल्या एका विद्यार्थ्याचं उदाहरण



बारावीचा निकाल लागला की आपल्या युसूफ वडगावात आणि आजूबाजूच्या वाड्यावस्त्यांवर एक प्रश्न हमखास कानावर पडतो, "कुठं घेतलं अ‍ॅडमिशन?" सायन्स म्हटलं की पुढचा माणूस मान डोलावतो. नर्सिंग, आयटीआय, फार्मसी म्हटलं तरी चालतं. पण "केजला बीए घेतलंय" किंवा "अंबाजोगाईला आर्ट्सला आहे" असं म्हटलं की समोरचा "बरं बरं" म्हणून विषय बदलतो. मी ज्यांना चौथीपर्यंत शिकवलं ती पोरं आता कॉलेजात आहेत. त्यांच्यातली काही बीएला आहेत, आणि ती विचारतात, "सर, इतिहास, समाजशास्त्र शिकून आमच्यात नेमकं काय बदलणार?"

आता तर कॉलेजातही हाच प्रश्न लिहून द्यावा लागतो. प्रकल्पाच्या किंवा अंतर्गत मूल्यमापनाच्या वहीत "या अभ्यासक्रमातून माझा झालेला विकास" असा मजकूर मागतात. मग बहुतेक जण एकसारखंच लिहितात. माझा आत्मविश्वास वाढला, व्यक्तिमत्त्वाचा विकास झाला, दृष्टिकोन व्यापक झाला. वाक्यं चुकीची नाहीत, पण ती वाचून त्या मुलाविषयी काहीच कळत नाही.

म्हणून आजच्या लेखात आपण एका विद्यार्थ्याचं खरं उदाहरण पाहणार आहोत. नाव तुम्हाला माहीत आहे, भीमराव रामजी आंबेडकर. बाबासाहेब आपल्याला माहीत असतात ते संविधानाचे शिल्पकार म्हणून, महाडचं तळं आणि नागपूरची दीक्षाभूमी म्हणून. पण २२ वर्षांचा एक विद्यार्थी म्हणून त्यांच्याकडे आपण फार कमी वेळा पाहतो. मला वाटतं, आर्ट्सच्या पोरांनी तसं एकदा तरी पाहावं.

न्यूयॉर्कला जाण्याआधी

बाबासाहेबांचं शालेय शिक्षण कसं झालं हे तुम्ही पाठ्यपुस्तकात वाचलंच असेल. साताऱ्याच्या शाळेत घरून नेलेल्या तरटाच्या तुकड्यावर वेगळं बसायचं. तहान लागली तर शिपायानं नळ सोडला तरच पाणी, शिपाई नसला तर पाणी नाही. पुढे मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कूलमध्ये संस्कृत घ्यायची इच्छा होती, ती मिळाली नाही, म्हणून पर्शियन घ्यावी लागली. १९०७ साली मॅट्रिक आणि पुढे एल्फिन्स्टन कॉलेजातून मुंबई विद्यापीठाची बीए. फेब्रुवारी १९१३ मध्ये वडील रामजी वारले. त्याच वर्षी बडोद्याच्या सयाजीराव गायकवाड महाराजांनी तीन वर्षांसाठी दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती दिली. परत आल्यावर दहा वर्षं बडोदा संस्थानात नोकरी करायची, असा करारही होता. जुलै १९१३ मध्ये ते न्यूयॉर्कला पोचले आणि कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले.

शिष्यवृत्ती अर्थशास्त्रासाठी होती. पण त्या तीन वर्षांत त्यांनी काय काय शिकायला घेतलं ते पाहा. एलिनॉर झेलियट या अभ्यासिकेनं विद्यापीठाच्या नोंदींवरून मोजदाद केली आहे. अर्थशास्त्राचे २९ अभ्यासक्रम, इतिहासाचे ११, समाजशास्त्राचे ६, तत्त्वज्ञानाचे ५, मानववंशशास्त्राचे ४, राज्यशास्त्राचे ३, आणि फ्रेंच व जर्मनचा प्रत्येकी एक प्राथमिक अभ्यासक्रम. बेरीज करा, ६० होते! पदवीला एवढे लागत नव्हते. जे शिकायला मिळतंय ते सगळं पदरात पाडून घ्यायचं, अशी ती भूक होती.

शिकवणारेही तसेच होते. अर्थशास्त्राला एडविन सेलिग्मन, इतिहासाला जेम्स शॉटवेल आणि जेम्स हार्वे रॉबिन्सन, तत्त्वज्ञानाला जॉन ड्युई. रॉबिन्सन यांचं म्हणणं असायचं की इतिहास म्हणजे फक्त राजे आणि लढाया नव्हेत, साधी माणसं कशी जगली, काय विचार करत होती, तेही इतिहासातच येतं. हे आज आपल्याला साधं वाटतं, पण १९१२-१३ साली ते नवं होतं.

एक पत्र आणि एक निबंध

आता मुख्य मुद्द्याकडे येऊ. "विकास झाला" म्हणायचं तर आधी काय होतं आणि नंतर काय झालं, हे दाखवता यायला हवं. भीमरावांच्या बाबतीत आपल्याला ते दाखवता येतं.

न्यूयॉर्कला गेल्यावर थोड्याच दिवसांत त्यांनी वडिलांच्या परिचयातल्या एका गृहस्थांना पत्र लिहिलं. आईबाप लेकराला फक्त जन्म देतात, त्याचं नशीब त्यांच्या हाती नसतं, ही समजूत आता सोडून द्यायला हवी, असं ते त्यात म्हणतात. आईबाप लेकराचं आयुष्य घडवू शकतात. आणि मुलांच्या बरोबरीनं मुलींनाही शिकवलं तर आपली प्रगती झपाट्यानं होईल. पत्र तळमळीचं आहे, विचार पुरोगामी आहे. पण ते "असं केलं पाहिजे" या धर्तीचं आहे. मुलींना का शिकवत नाहीत, बंधनं आली कुठून, टिकली कशानं, याचं उत्तर त्यात नाही. पत्रात ते असायला हवं असंही नाही म्हणा.

आता तीन वर्षं पुढे या. तारीख ९ मे १९१६. प्राध्यापक अलेक्झांडर गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या चर्चावर्गात भीमरावांनी एक निबंध वाचला. विषय होता भारतातल्या जाती, त्यांची यंत्रणा, उगम आणि वाढ. वय होतं २५. पुढच्या वर्षी, मे १९१७ मध्ये, तो 'इंडियन अँटिक्वेरी' या नियतकालिकात छापून आला.

या निबंधातला युक्तिवाद मी जरा सविस्तर सांगतो, कारण माझ्या मते मानव्यविद्या काय शिकवते हे यात जितकं स्पष्ट दिसतं तितकं दुसरीकडे क्वचितच दिसतं.

जात कशामुळे टिकते, या प्रश्नावर त्याआधी बऱ्याच विद्वानांनी लिहिलं होतं. सेनार, नेसफील्ड, रिस्ली हे परदेशी, आणि आपले श्रीधर व्यंकटेश केतकर, म्हणजे पुढे 'महाराष्ट्रीय ज्ञानकोश' करणारे ज्ञानकोशकार. केतकर अमेरिकेतल्याच कॉर्नेल विद्यापीठात शिकले होते आणि जातींच्या इतिहासावर त्यांचं पुस्तक आलेलं होतं. भीमराव या प्रत्येकाची व्याख्या घेतात, तपासतात, कुठं कमी पडते ते सांगतात. केतकरांचं म्हणणं त्यांना जास्त जवळचं वाटतं, कारण केतकर एकेका जातीला सुटं न पाहता जातींच्या व्यवस्थेत पाहतात. पण केतकरांनी जातीची जी दोन लक्षणं सांगितली, एक म्हणजे जातीबाहेर लग्न नाही आणि दुसरं म्हणजे जन्मानंच जातीत प्रवेश, ती दोन नसून एकाच गोष्टीच्या दोन बाजू आहेत, असं ते दाखवतात. लग्न आतल्या आतच करायचं ठरवलं की बाहेरचा कुणी आत येणारच नाही. मग जातीत यायला जन्माशिवाय दुसरी वाट उरते कुठं?

म्हणजे जातीचं मूळ आतल्या आत लग्न करण्यात आहे. इथून पुढे ते एखादं गणित सोडवावं तसे चालतात.

समजा एका गटानं ठरवलं की आपल्यातच लग्नं करायची. समाजात स्त्री-पुरुषांची संख्या साधारण सारखी असते, म्हणून सुरुवातीला जोड्या जुळतात. पण मरण सगळ्यांना एकाच वेळी येत नाही. नवरा आधी गेला तर एक बाई जास्तीची उरते, बायको आधी गेली तर एक पुरुष जास्तीचा उरतो. आता ही जास्तीची माणसं काय करणार? ती गटाबाहेर लग्न करतील, म्हणजे भिंत फुटली. गटातल्याच दुसऱ्या कुणाशी करतील, तर त्या कुणाच्या तरी वाट्याचा जोडीदार कमी पडला. म्हणून त्यांची काहीतरी सोय लावणं भाग पडतं. बाईच्या बाबतीत दोन वाटा निघाल्या. एक, नवऱ्याच्या चितेवर तिला जाळायचं, म्हणजे सती. दुसरी, आयुष्यभर वैधव्य लादायचं. पुरुषाला जाळता येत नाही, कारण तो गटाला कामाला हवा असतो आणि सत्ताही त्याच्याच हातात. त्याच्यावर ब्रह्मचर्यही लादता येत नाही. मग त्याला बायको कुठून द्यायची? जी अजून लग्नाच्या वयात आलीच नाही तिच्यातून, म्हणजे लहान मुलगी. हा झाला बालविवाह.

सती, सक्तीचं वैधव्य, बालविवाह. तिन्ही प्रथा आपण शाळेत "समाजातील अनिष्ट रूढी" या मथळ्याखाली एकाखाली एक पाठ करतो. राजा राममोहन रॉय यांच्यापुढे एक, महर्षी कर्व्यांच्या पुढे दुसरी, अशा जोड्या लावतो आणि गुण मिळवतो. त्या तिन्हींचा एकमेकींशी आणि जातीशी संबंध काय, हे कुणी विचारत नाही. पंचविशीतल्या या विद्यार्थ्यानं तोच संबंध उलगडून दाखवला. या प्रथांना मोठेपणा देणारं तत्त्वज्ञान मागाहून आलं, आधी आली ती गरज, असं त्याचं म्हणणं होतं.

पुढचा प्रश्न हा की एका गटानं दार लावलं तर सगळ्या समाजात जाती कशा पसरल्या? इथं ते फ्रेंच समाजशास्त्रज्ञ गाब्रिएल तार्द यांचा अनुकरणाचा सिद्धांत वापरतात. वरच्याचं पाहून खालचा करतो. पुरोहित वर्गानं स्वतःला कोंडून घेतलं, इतरांनी त्यांचं पाहून तेच केलं, आणि ज्यांना तसं करायचं नव्हतं त्यांच्यासाठी बाकीच्यांची दारं आपोआप बंद झाली. मनूनं बसून जाती निर्माण केल्या, हे ते मान्य करत नाहीत. एका माणसाच्या हुकमानं एवढा मोठा समाज असा बांधला जात नाही. मनूनं फक्त असलेल्या गोष्टीला कायद्याचं रूप दिलं, असं त्यांचं मत होतं.

इथं थांबून विचार करा

ज्या मुलाला वर्गात पाणी पिऊ दिलं नाही, तो मोठा होऊन जातीवर निबंध लिहितोय. किती चीड असेल मनात! आणि तरी त्या निबंधात स्वतःच्या अनुभवाबद्दल काही नाही. उलट अशा विषयात भावनेला आवर घालायला हवा, असं ते बजावतात. शेवटी तर असंही म्हणतात की माझा सिद्धांत अंतिम आहे असा माझा दावा नाही, तो टिकत नाही असं कुणी दाखवलं तर मी तो सोडून द्यायलाही तयार आहे.

चीड गेली असा याचा अर्थ नाही. पुढचं सगळं आयुष्य पाहिलं तर ती गेली नव्हती हे उघड आहे. पण आता त्या चिडीच्या हातात हत्यार आलं होतं. "हे वाईट आहे" याच्या पुढे जाऊन "हे चालतं कसं" हे त्यांना सांगता येऊ लागलं. आणि एखादी गोष्ट कशी चालते हे कळलं की ती कुठं तोडायची हेही कळतं. वीस वर्षांनी, १९३६ साली, लाहोरच्या जातपात तोडक मंडळासाठी त्यांनी भाषण लिहिलं. मंडळाला ते पेललं नाही, सभाच रद्द झाली, मग बाबासाहेबांनी ते स्वतः छापलं. जात मोडायचा खरा उपाय आंतरजातीय विवाह आहे, असं त्यात ते म्हणतात. हे कुठून आलं? १९१६ च्या त्या चर्चावर्गातून. आतल्या आत लग्न हे मूळ असेल तर इलाजही तिथंच करायचा.

त्याच भाषणात जॉन ड्युईंचा उल्लेख आहे, माझे शिक्षक, ज्यांचं माझ्यावर मोठं ऋण आहे, अशा आशयाचा. आता डी.एड. झालेल्या कुणालाही विचारा, ड्युई सगळ्यांना आठवतात! "कृतीतून शिक्षण" म्हणजे ड्युई, दोन गुणांचा प्रश्न. पण हेच ड्युई आपल्या बाबासाहेबांचे गुरुजी होते, हे आम्हाला त्या दोन वर्षांत कुणी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर ड्युई पाठ करावे लागले नसते.

ड्युईंचं 'डेमॉक्रसी अँड एज्युकेशन' हे पुस्तक १९१६ चंच. लोकशाही म्हणजे फक्त राज्य चालवायची पद्धत नाही, ती एकत्र जगायची रीत आहे, हा त्यातला गाभा. समाजातले गट एकमेकांत मिसळत नसतील, देवाणघेवाण होत नसेल, तर लोकशाही नावालाच. १९१९ मध्ये मताधिकाराविषयी नेमलेल्या साउथबरो समितीपुढे बाबासाहेबांनी साक्ष दिली, तिच्यात हाच धागा आहे. २५ नोव्हेंबर १९४९ ला संविधान सभेत त्यांनी सांगितलं की राजकीय लोकशाहीच्या तळाशी सामाजिक लोकशाही नसेल तर ती टिकणार नाही. वर्गात ऐकलेलं ३३ वर्षांनी देशाच्या कामाला आलं. त्यांच्या पत्नी सविता आंबेडकर यांनी लिहून ठेवलंय की ड्युई वर्गात कसे बोलायचे, त्यांच्या लकबी काय होत्या, याची नक्कल बाबासाहेब तीस वर्षांनंतरही मजेनं करून दाखवायचे.

१९३० साली कोलंबियाच्या माजी विद्यार्थ्यांच्या पत्रिकेत त्यांनी मागे वळून पाहिलं. आयुष्यातले माझे सर्वात चांगले मित्र म्हणजे कोलंबियातले काही वर्गमित्र आणि ड्युई, शॉटवेल, सेलिग्मन, रॉबिन्सन हे प्राध्यापक, असा त्याचा आशय. जून १९५२ मध्ये मानद पदवी घ्यायला ते पुन्हा न्यूयॉर्कला गेले. ड्युईंना भेटायची ओढ होती. पण १ जूनला ड्युई वारले आणि पदवीदान होतं ५ जूनला. आपल्या सगळ्या बौद्धिक आयुष्याचं श्रेय त्यांनी पत्नीला लिहिलेल्या पत्रात ड्युईंना दिलं.

आपल्या मातीतला प्रश्न

तुम्ही म्हणाल, सर, ते बाबासाहेब होते, आम्ही केजच्या एसटीत उभं राहून कॉलेजला जाणारे. मान्य. पण त्यांची रीत घ्यायला कुणाची आडकाठी आहे?

आपल्याच तालुक्यातली गोष्ट घ्या. दसरा-दिवाळी झाली की गाड्या भरून माणसं ऊसतोडीला जातात. माझ्या वर्गातले पट अर्धे रिकामे होतात, काही लेकरं आजी-आजोबांकडे राहतात आणि हंगामी वसतिगृहात जेवतात. आणि दरवर्षी सातवी-आठवीतली एखादी हुशार पोरगी हंगामाच्या तोंडावर शाळेतून गायब होते. चौकशी केली की कळतं, लग्न लावून दिलं. कायद्यानं मुलीचं वय १८ हवं. हे सगळ्यांना ठाऊक असतं.

यावर बाहेरून आलेला माणूस पटकन म्हणतो, "लोक अडाणी आहेत, प्रबोधन करायला हवं." आता समाजशास्त्र आणि अर्थशास्त्र शिकलेल्या पोरानं बाबासाहेबांसारखं विचारून पाहावं की हे चालतं कसं? मुकादम उचल देतो ती कोयत्यावर. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. एकटा माणूस अर्धा कोयता. म्हणजे पोराचं लग्न झालं की त्याची उचल वाढते. पोरीच्या बाजूनं पाहा. आईबाप पाच-सहा महिने फडावर, वयात आलेली पोर गावात कुणाच्या भरवशावर ठेवायची? बरोबर न्यावी तर पालात दार नसतं. ही धास्ती, उचलीचा हिशोब आणि वर "लवकर उजवली की हुंडा कमी" हे सगळं एकत्र आलं की लग्न लागतं. एवढं समजलं की नुसत्या भाषणानं भागणार नाही हेही समजतं. मुलींसाठी बारावीपर्यंत सुरक्षित वसतिगृह असणं हा जास्त नेमका इलाज आहे, असं मला वाटतं. तुमचं मत वेगळं असू शकतं, पण मग तुमची मांडणीही अशीच पायरी पायरीनं करा.

(आणि असं लग्न ठरतंय असं कळलं तर १०९८ हा चाइल्डलाइनचा नंबर लक्षात ठेवा. लेख पूर्ण वाचून व्हायची वाट पाहू नका.)

मग वहीत लिहायचं कसं?

सगळ्या अभ्यासक्रमाविषयी लिहू नका. एकच प्रश्न निवडा. शिकण्याआधी त्यावर तुम्ही काय म्हणत होता ते खरं खरं लिहा, शिकताना काय वाचलं ते नावानिशी लिहा, आणि आता काय म्हणता, कशामुळे, ते लिहा. नमुना म्हणून अंबाजोगाईला मराठी घेऊन बीए करणारा एखादा विद्यार्थी असं लिहू शकेल:

"आद्यकवी मुकुंदराजांच्या समाधीवर आम्ही शाळेच्या सहलीला जायचो. दरीतली जागा, माकडं आणि डबा खाणं, एवढंच आठवतं. 'विवेकसिंधु' हा मराठीतला पहिला ग्रंथ, असं मी पाठ केलं होतं. प्रथम वर्षात कळलं की त्याचा काळ परंपरेनं शके १११०, म्हणजे इसवी सन ११८८ मानतात, पण त्यावर अभ्यासकांचे वाद आहेत. सरांनी विचारलं, जुन्या ग्रंथाचा काळ ठरवतात तरी कसा? भाषेवरून, नकललेल्या पोथ्यांवरून, आत आलेल्या उल्लेखांवरून. पोथी नकलणारा जुने शब्द बदलत गेला असेल तर भाषेवरून काळ ठरवणं अवघड होतं. पहिल्यांदाच मला वाटलं की पुस्तकात छापलेल्या सालामागं कुणीतरी युक्तिवाद केलेला असतो आणि तो तपासता येतो. आता गावातलं मंदिर 'हजार वर्षांचं' आहे असं कुणी म्हणालं की मी भांडत नाही, पण कशावरून, हे विचारतो."

बघा, यात आत्मविश्वास हा शब्द कुठंही नाही. पण पोरगं बदललंय हे वाचणाऱ्याला दिसतं.

शेवटी एक सांगायचं राहिलं. आपल्या मराठवाड्यात १९५० साली बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीनं औरंगाबादला, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरला, कॉलेज काढलं. तोवर निजामाच्या राज्यातल्या आपल्या आजोबा-पणजोबांच्या पिढीला वरच्या शिक्षणासाठी बहुधा हैदराबादची वाट धरावी लागायची, आणि उस्मानिया विद्यापीठाचं माध्यम उर्दू होतं. पुढे या कॉलेजाचं नाव मिलिंद महाविद्यालय झालं. मिलिंद म्हणजे ग्रीक राजा मिनँडर, भिक्खू नागसेनांना एकापाठोपाठ एक प्रश्न विचारणारा. नाव द्यायला राजे पुष्कळ होते, त्यांनी प्रश्न विचारणारा निवडला.

ज्यांना १९१६ चा तो निबंध मुळातून वाचायचा आहे त्यांच्यासाठी सांगतो, महाराष्ट्र शासनाच्या शिक्षण विभागानं १९७९ मध्ये बाबासाहेबांच्या इंग्रजी लेखन आणि भाषणांचा पहिला खंड काढला, त्यात अगदी सुरुवातीलाच तो आहे. वीसेक पानं आहेत. इंग्रजी थोडी जड आहे, पण शब्दकोश घेऊन दोन-तीन जण मिळून बसलात तर दिवाळीच्या सुट्टीत होऊन जाईल.